भाच्याकडे राहणारी माणसे

नदीकाठच्या एका नगरात एकदा असा प्रश्न निघाला, की त्याचे उत्तर कोणीही चटकन देईल असे सर्वांना वाटले. प्रश्न एवढाच होता : आपल्या नगरात घर नसलेली एकटी माणसे किती?

प्रश्न निघण्याचे कारणही साधेच होते. आदल्या वर्षीच्या पुराने सखल भागातली वस्ती वाहून नेली होती. नगरशेठ भवानशेट यांनी पुढाकार घेऊन त्या कुटुंबांसाठी उंचावर नवी आळी वसवली. चुली पेटल्या, अंगणे सारवली गेली, मुले खेळू लागली. काम पुरे होऊनही बराच दगड आणि सागवान शिल्लक राहिले. त्याचे काय करावे, यावर पंचांची बैठक बसली. बहुतेकांच्या मते मंदिरापुढे नगारखाना बांधावा. एक वृद्ध वैद्य तेवढे म्हणाले, "कुटुंबांना घरं मिळाली, फार चांगलं झालं. पण ज्यांना कुटुंबच नाही, त्यांचं काय?"

"वैद्यबुवा, एकट्या जिवाला काय लागतं?" कोणीतरी हसून म्हणाले. "मिळेल तिथे पथारी टाकली की झालं!"

बैठक हसली, पण भवानशेट हसले नाहीत. ते न्यायाने वागणारे गृहस्थ होते. ते नगराबाहेरच्या मठात वृद्ध आचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "आचार्य, अशी माणसं खरोखर असतील तर मी त्यांच्यासाठी निवारा बांधतो. पण ऐकीव गोष्टीवर बांधकाम काढणार नाही. किती आहेत, तेवढं मला सांगा. संक्रांतीपर्यंत दगडाला हात लावू देत नाही. नंतर मात्र पंच म्हणतील तसं होईल."

आचार्यांनी हे काम अच्युत नावाच्या शिष्याकडे सोपवले. अच्युत मठातला सर्वांत हुशार विद्यार्थी. गणितात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आईवडील लहानपणीच गेले होते, आणि मठातली एक लहानशी खोली हेच त्याचे घर होते. त्याने काम आनंदाने स्वीकारले.

कार्तिकातली थंडी पडू लागली होती. अच्युत नगरात फिरला. घाट, मंदिराची ओसरी, बाजाराचा कट्टा, धर्मशाळेची पडवी, एकही जागा त्याने सोडली नाही. दिसेल त्या एकट्या माणसाला तो विचारी, "आपल्याला घर आहे का? राहता कुठे?" ज्याने 'नाही' म्हटले त्याला तो मोजी. ज्याने ठिकाण सांगितले त्याला सोडून पुढे जाई.

रंगाऱ्यांच्या घाटावर एक वृद्ध उन्हाला बसला होता. धोतर स्वच्छ धुतलेले, केसांना तेलाचा हात, मांडीशी घडी घातलेली घोंगडी.

"बाबा, नाव काय आपलं?" अच्युतने विचारले.

"लिंबाजी. कोष्टी आहे मी."

"राहता कुठे?"

"भाच्याकडे." वृद्धाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले.

"कोणत्या आळीत?"

"इथंच की. जवळच." मग त्याने हसून विषय बदलला. "तुम्ही मठातले ना? आचार्य बरे आहेत का? नमस्कार सांगा माझा."

अच्युतने मान डोलावली आणि तो पुढे गेला. भाच्याकडे राहणाऱ्या माणसाला बेघर कसे म्हणावे?

वाटेत भवानशेटांचे घर लागले. शेटाणीबाईंनी त्याला आत बोलावून ताक दिले. अच्युतने सहज विचारले, "आपल्याकडे कुणी एकटं, निराश्रित आहे का?"

"छे हो! द्वारकाबाई आहेत स्वयंपाकाला. यजमान वारल्यावर एकट्या पडल्या, तेव्हापासून इथेच. पण त्या आता आमच्या घरच्याच झाल्यात की!"

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईने एकदा वर पाहिले. मग परातीत पाहिले. अच्युतने ताक संपवले आणि तो उठला.

मठात परतून त्याने आचार्यांना सांगितले, "एकोणीस. त्यातही निम्मे बैरागी आहेत, स्वतःच्या इच्छेने हिंडणारे. म्हणजे प्रश्न फारसा मोठा नाही."

आचार्यांनी संख्येबद्दल काहीही विचारले नाही. ते मग म्हणाले, "अच्युता, तुझी वळकटी खोलीतून बाहेर आण."

अच्युतने आणली.

"आजपासून त्या खोलीत धान्य ठेवायचं आहे. सकाळी पाठाला ये. दुपारी पंगतीला इतरांबरोबर जेव. रात्रीची सोय मात्र तुझी तू पाहा. अशा परिस्थितीत माणूस जिथे जाईल, तिथे जा. हे मी करवतो आहे, असं कुणाला सांगू नकोस."

अच्युत गोंधळून गेला. "आचार्य, माझा काही अपराध झाला का?"

"नाही," आचार्य म्हणाले. "ज्यांची घरं जातात, त्यांचाही बहुतेक वेळा काही अपराध नसतो."

"पण किती दिवस?"

"हा प्रश्न तेही विचारतात. त्यांनाही कोणी उत्तर देत नाही."

अच्युत मुकाट्याने बाहेर पडला. गुरूंची आज्ञा होती, म्हणून पाळायची. पण मनातून तो दुखावला होता.

त्याचा बालमित्र पद्माकर कापडपेठेत राहत असे. नुकतेच लग्न झालेले, घरात आई, आणि दोनच खोल्या. अच्युतला पाहून पद्माकर हरखला. "अरे, किती दिवसांनी! राहा चांगला आठवडाभर." पहिल्या दिवशी पद्माकरच्या बायकोने सांज्याच्या पोळ्या केल्या. दोघे मित्र उशिरापर्यंत लहानपणच्या गोष्टी काढून हसत बसले. दुसऱ्या दिवशीही भाजीभाकरी गोडच लागली. त्यानंतर एका सकाळी अच्युत अंगणात तोंड धूत असताना आत पद्माकरची आई तांदूळ निवडता निवडता सुनेला सांगत होती, "आमच्या आजी म्हणायच्या, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." म्हातारीच्या बोलण्यात विष नव्हते. त्या बिचारीला दोन खोल्यांत चार माणसे झोपवायची होती.

त्याच दुपारी अच्युत हसत म्हणाला, "पद्माकरा, मावशीचं बोलावणं आलंय. चार दिवस तिकडे जाऊन येतो."

बोलावणे आले नव्हते. मावशीही सख्खी नव्हती, आईची दूरची बहीण. तिने ये म्हटले, जेवू घातले, आणि पान पुढे सरकवता सरकवता विचारले, "किती दिवस आहेस रे? नाही, आपलं अंथरुणापांघरुणाचं बघायला बरं." तिच्या मुलाने काही विचारले नाही. तो फक्त अच्युतच्या वळकटीकडे पाहत असे. अच्युत तिथे पाणी भरू लागला, अंगण झाडू लागला, पोराचा अभ्यास घेऊ लागला. सकाळी सर्वांच्या आधी उठून आपले अंथरूण असे गुंडाळून ठेवू लागला, की तिथे कोणी झोपले होते याची खूणही राहू नये. कोणी तसे सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या घरात आपण किती जागा व्यापतो, याचा हिशेब मन आपोआप मांडू लागते.

मावशीचे घरही सुटले. आता उरली मंदिराची ओसरी. पण तिथे जाण्याचा धीर त्याला होईना. मठात आणि पेठेत शेकडो लोक त्याला ओळखत. ओसरीवर आपल्याला कोणी पाहिले तर? ज्या एकोणीस जणांना त्याने मोजले होते, त्यांच्याजवळ निदान एक गोष्ट होती. त्यांना कोणी पाहिले तरी आता चालणार होते. अच्युतला अजून ते चालणार नव्हते.

शेवटी कोष्टीआळीतल्या एका मागवाल्याने त्याला सुताच्या कोठीत झोपू दिले. कोठीत उंदीर फार, तेव्हा माणूस असलेला बरा, असा त्याचा विचार. कोठीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी कोणीतरी होते. अच्युतने निरखून पाहिले, तर लिंबाजी घोंगडी झटकत होता.

लिंबाजीनेच आधी तोंड उघडले.

"मठातले ना तुम्ही? मोजायला आला होता ते?"

"हो."

"मग इथं कसे?"

"मठात जरा डागडुजी चालली आहे," अच्युत म्हणाला.

लिंबाजीने घोंगडी नीट अंथरली. मग सावकाश म्हणाला, "असं होय. माझ्या भाच्याकडंही डागडुजीच चाललीय."

मग दोघेही आपापल्या कोपऱ्यात आडवे झाले.

पुढे ओळख वाढत गेली तशी लिंबाजीची हकिगत अच्युतला तुकड्यातुकड्यांनी कळली. तरुणपणीच बायको गेली. मूलबाळ नव्हते. तो याच आळीत माग चालवी आणि मागाशेजारीच झोपे. वर्षानुवर्षे कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही, त्यालाही नाही. मग नजर मंद झाली, धागे तुटू लागले, आणि मागावर दुसरा कारागीर बसला. माग गेला त्या दिवशी मागाशेजारची जागाही गेली. भाचा खरोखरच होता. पण फार वर्षांपूर्वी तो पोटासाठी देशोधडीला लागला, आणि आज कुठे आहे ते लिंबाजीला ठाऊक नव्हते.

"मग तुम्ही मला तसं का सांगितलंत?" अच्युतने एकदा विचारले.

"काय सांगू मग?" लिंबाजी म्हणाला. "आळीत लोक अजून 'लिंबाजीकाका' म्हणतात. पोरं धागा सोडवून घ्यायला येतात. मला कुठं जागा नाही हे कळलं की त्यांना माझी दया येईल. दया आली की काका राहत नाही माणूस. म्हणून रोज धोतर धुतो, तेल लावतो, आन् भाच्याकडं राहतो."

याच सुमारास आचार्यांनी मोरेश्वर नावाच्या दुसऱ्या शिष्याला नगरात धाडले. "पुन्हा एकदा मोज. कुणालाही वगळू नकोस," एवढेच सांगून. अच्युतच्या परिस्थितीची मोरेश्वराला कल्पना नव्हती. अच्युतची खोली कोठारासाठी घेतली आणि तो मित्राकडे असतो, एवढेच तो जाणून होता.

एके सकाळी अच्युत घाटावर धोतर धूत होता. वळकटी पायरीवर ठेवलेली. मोरेश्वर हसत जवळ आला. "अच्युता, आचार्यांनी सांगितलंय, कुणाला सोडू नकोस. तेव्हा तुलाही विचारतो, रागावू नकोस हं! राहतोस कुठे?"

"पद्माकराकडे," अच्युत म्हणाला.

"तेच ते!" मोरेश्वर म्हणाला आणि पुढच्या घाटाकडे निघून गेला.

अच्युतच्या हातात ओले धोतर तसेच राहिले. तो विचार करून खोटे बोलला नव्हता. प्रश्न आला आणि उत्तर आपोआप ओठांवर आले. विचारणारा परका नव्हता, सोबतचा शिष्य होता, आणि विचारत होता तेही भल्यासाठी. तरीही खरे बोलवले नाही. पद्माकरचे घर सोडून किती दिवस झाले होते! नगरातली एकटी माणसे मोजायला जो निघाला होता, त्याने स्वतःलाच मोजू दिले नव्हते.

पौष लागला, आणि थंडी वाढली. लिंबाजीला ताप भरला. आधी कणकण होती, मग अंग भाजू लागले. मागवाल्याने दारातून डोकावून पाहिले आणि म्हणाला, "हे बघा, मी वाईट माणूस नाही. पण आजाऱ्याला सुतात ठेवता यायचं नाही. माझे बाकीचे कारागीर घाबरलेत. काकांना त्यांच्या भाच्याकडे पोचवा."

लिंबाजी उठून बसला. घोंगडीची घडी घालू लागला. अंगात ताप होता, तरी घडी त्याने नीट घातली. "जातो बाबा, भाच्याकडं," तो म्हणाला.

अच्युतने त्याला आधार देऊन आळीबाहेर आणले. आणि तिथे तो थांबला. न्यायचे कुठे? धर्मशाळेत आजाऱ्याला घेत नसत. ओसरीवर वारा सोसवणार नाही. पद्माकरच्या दारापर्यंत तो गेला, आतून भांड्यांचा आवाज ऐकला, आणि हाक न मारताच वळला. तापाने जड झालेला माणूस त्याच्या खांद्यावर टेकला होता, आणि सबंध नगरात असे एकही दार नव्हते, ज्यावर हक्काने थाप मारावी.

दिवेलागणीच्या वेळी दोघे मठाच्या फाटकाशी पोहोचले. आचार्य अंगणात तुळशीपाशी उभे होते. वाटेत अच्युतने पुष्कळ वाक्ये जुळवून ठेवली होती. वृद्धाला ताप आहे, वैद्यांना बोलवावे, एक रात्रीचाच प्रश्न आहे. त्यातले एकही त्याला आठवले नाही.

"आचार्य," तो म्हणाला, "आम्हा दोघांना राहायला जागा नाही."

लिंबाजीने त्याच्याकडे पाहिले. मग पहिल्यांदाच तोही हळू आवाजात म्हणाला, "नाही. मला नाही जागा."

आचार्यांनी स्वतः पुढे होऊन फाटक उघडले. "या," ते म्हणाले. "आता मोजणीला सुरुवात झाली."

धान्याची पोती हलवून खोली रिकामी केली गेली. वैद्यबुवा आले, काढा झाला, लिंबाजीला झोप लागली. मग अच्युत आचार्यांच्या पायाशी येऊन बसला आणि त्याने सारी हकिगत सांगितली.

"आचार्य, मी एवढा फिरलो, सगळ्यांना विचारलं. तरी मला एवढी माणसं दिसली कशी नाहीत?"

आचार्य म्हणाले, "कुटुंब उघड्यावर आलं की ते दिसतं. चूल दिसते, भांडी दिसतात, मूल रडतं. एकट्या माणसाजवळ दिसण्यासारखं काहीच नसतं. तो कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या कोठीत, कुणाच्या स्वयंपाकघरात मावून जातो, आणि मावून जातो म्हणून आपण समजतो की त्याची सोय झाली. तू विचारलंस, 'घर आहे का?' तेव्हा तुला वाटलं, तू माहिती विचारतो आहेस. त्याच्या दृष्टीने तू त्याची अब्रू विचारत होतास. 'भाच्याकडे राहतो' हे त्याचं खोटं बोलणं नव्हे, अच्युता. चार भिंती पडल्यावर उरलेली ती पाचवी भिंत आहे. आपण प्रश्न घेऊन तिच्यावर धडकतो, ती पडली नाही की म्हणतो, याचं घर शाबूत आहे."

"मग विचारायचं कसं?"

"आधी त्याच्याशेजारी बसायचं. आपलं काय झालं ते सांगायचं. आता तुझ्याजवळ सांगण्यासारखं आहे. आणि घराबद्दल विचारूच नकोस. आजारी पडलात तर कुठे पडून राहता येईल, हे विचार. कुठून तुम्हाला कोणी 'ऊठ' म्हणू शकणार नाही, हे विचार. ज्याला उत्तर सापडणार नाही, तो स्वतःच तुला सांगेल."

मग ते म्हणाले, "मी तुला कष्टात टाकलं. हे शब्दांनी शिकवता आलं असतं, तर तसंच शिकवलं असतं."

चार दिवसांनी लिंबाजीचा ताप उतरला. अच्युत त्याच्यासाठी पेज घेऊन गेला, तेव्हा तो भिंतीला टेकून दाराकडे पाहत होता.

"या दाराला आतून कडी आहे?" त्याने विचारले.

"आहे की."

"जरा बाहेर थांबता का? रागावू नका."

अच्युत बाहेर आला. आत पावले सरकली. कडी अडकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. अच्युतला काळजी वाटू लागली. तेवढ्यात दार उघडले. लिंबाजीचे डोळे ओले होते.

"काही नाही," तो म्हणाला. "लावून बघितली."

त्यानंतर अच्युत पुन्हा नगरात फिरला. या वेळी तो भराभर चालला नाही. रंगाऱ्यांच्या घाटावर तो उन्हाला बसे. पाणवठ्यावर, बाजार उठल्यावरच्या कट्ट्यावर, अन्नछत्राच्या मागच्या बाजूला बसे, आणि आपण सुताच्या कोठीत कसे झोपलो, मित्राच्या दारातून कसे परतलो, ते सांगे. नाव कुणालाही कळणार नाही, असे वचन देई. मग कोणी म्हणे, "माझंही तसंच आहे हो. बहिणीकडे असतो, पण मेव्हणे गावाला गेले की मगच." कोणी म्हणे, "पेढीवर झोपतो, दिवाबत्ती करतो म्हणून." एक तरुण गवंडी बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक घरात राही आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी निघे. नगरातली कितीतरी घरे त्याने राहून पाहिली होती, पुरी होईपर्यंत. एका बाईने सर्व ऐकून घेतले, आणि ती काही न बोलता रडली. अच्युतने तिला काही विचारले नाही.

संक्रांतीच्या आधी पंचांची बैठक भरली. आचार्य आणि अच्युत दोघेही गेले. अच्युतने संख्या सांगितली, आणि बैठकीत कुजबुज सुरू झाली. नव्या आळीत जेवढी कुटुंबे वसली होती, त्यांहून ही एकटी माणसे अधिक होती.

"हे कसं शक्य आहे?" भवानशेट म्हणाले. "एवढी माणसं आली कुठून? एखाददुसरं नाव तरी सांगा, म्हणजे खात्री पटेल."

"क्षमा करा, शेटजी," अच्युत म्हणाला. "नाव न सांगण्याच्या बोलीवरच त्यांनी मला सांगितलंय. ती बोली मोडली तर पुन्हा कोणी बोलणार नाही."

तेव्हा आचार्य म्हणाले, "ती कुठून आलेली नाहीत. आपल्यातच आहेत. नावं नकोत. आपण प्रत्येकानं घरी जावं, आणि आपल्या घरात, दुकानात जे कोणी एकटं माणूस असेल, त्याला एकच विचारावं : 'पाहुणे आले म्हणजे तुम्ही कुठे झोपता?' उद्या पुन्हा बसू."

भवानशेट घरी आले. जेवायला बसले. द्वारकाबाई ताटात भाकरी वाढत होत्या. कधी नव्हे ते शेटांनी मान वर करून विचारले, "द्वारकाबाई, गेल्या वैशाखात आमच्याकडे लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. तेव्हा तुम्ही कुठे झोपत होतात?"

द्वारकाबाईंचा हात थांबला. त्यांनी शेटाणीबाईंकडे पाहिले.

"सांगा, भिऊ नका," शेट म्हणाले.

"गोठ्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण गुरं गरीब आहेत हो. काही त्रास नाही झाला."

"आणि मागे तुम्ही आठवडाभर दिसला नव्हतात. गावी गेले होते, असं म्हणाला होतात."

"ताप होता मला. घरात लेकरं होती, त्यांना लागू नये म्हणून मारुतीच्या देवळामागे होते. गावी आता कोण आहे माझं?"

शेटाणीबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, सांगायचंत तरी! तुम्ही घरच्याच ना?"

"सांगितलं असतं, वहिनीसाहेब," द्वारकाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "पण सांगितल्यावर, हिचं आता नेहमीच दुखतं, असं कुणाच्या मनात आलं असतं, तर मग मी कुठे गेले असते?"



दुसऱ्या दिवशी बैठक फार काळ चालली नाही. नगारखान्याचे नाव कोणी काढले नाही. पहिल्या बैठकीत हसून बोललेले गृहस्थ खाली मान घालून बसले होते; त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर झोपणाऱ्या मुनिमाने त्यांना काय सांगितले, ते त्यांनी कुणाला कळू दिले नाही. भवानशेटांनी निवाऱ्याचा बेत मांडला : प्रशस्त दालन, शंभर माणसे सहज झोपतील असे.

अच्युत उठून उभा राहिला. "शेटजी, दालन नको. हवं तर खोल्या लहान करा, एका माणसापुरत्या. पण प्रत्येक खोलीला दार असू द्या, आणि दाराला आतून कडी."

"खर्च वाढेल. माणसंही कमी मावतील," शेट म्हणाले.

"कमी मावू द्या. पुढच्या वर्षी आणखी बांधू. दालनात झोपणाऱ्याला कोणीही 'ऊठ' म्हणू शकतं."

तसेच ठरले. लिंबाजीला मात्र नवी खोली पाहता आली नाही. फाल्गुनात, पायाचे दगड बसत असताना, मठातल्या त्या खोलीत एका पहाटे झोपेतच तो गेला. दार आतून लावलेले होते. ते काढायला सुतार बोलवावा लागला. सुतार येईपर्यंत अच्युत बाहेर पायरीवर बसून होता. त्याने घाई केली नाही आणि कोणाला करू दिली नाही. कोष्टीआळीतली माणसे जमली, पोरेही आली. 'काका गेले' म्हणत ती हुंदके देत होती, आणि त्यांतल्या एकाच्याही आवाजात दया नव्हती. भाच्याच्या जागी उभे राहून अच्युतने त्याला अग्नी दिला.

चैत्रात पहिल्या खोल्या उघडल्या. कोण राहायला येते हे पाहायला गर्दी जमू नये, म्हणून आचार्यांनी समारंभ होऊ दिला नाही. माणसे एकेकटी आली, संध्याकाळच्या वेळी, काखोटीला वळकटी मारून. द्वारकाबाईही आल्या. स्वयंपाक त्या भवानशेटांकडेच करत राहिल्या, पण आता झाकपाक झाली की पदर खोचून म्हणत, "वहिनीसाहेब, निघते मी. घरी जायचंय." शेटाणीबाई सांगत, ते वाक्य बाई रोज थोडे जास्तच मोठ्याने म्हणतात.

सर्व खोल्या भरल्यावर भवानशेट समाधानाने म्हणाले, "अच्युता, संपली म्हणायची ना एकदाची मोजणी?"

"नाही, शेटजी," अच्युत म्हणाला. "ज्यांनी सांगितलं तेवढेच मला ठाऊक आहेत. ज्यांना अजून सांगवत नाही, ते किती असतील ते मला माहीत नाही."

आचार्य शेजारीच उभे होते. शिष्याच्या पहिल्या उत्तरात संख्या होती. या उत्तरात संख्या नव्हती. त्यांनी अच्युतच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे मठाच्या वाटेला लागले.

आपल्याही गावात, आपल्या ओळखीत कोणी एकटा माणूस बोलता बोलता म्हणून जातो, "सध्या एका मित्राकडे आहे." त्या 'सध्या'पाशी आपण क्षणभर थांबावे.